तू वाचलीस ती सातवी

राहेल, तुला मातीआड करून एकवीस दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. पाळकसाहेब परवा घरी आले होते. म्हणाले, "मार्थाबाई, राहेलबाईंविषयी मंडळीच्या मासिकात चार शब्द लिहून द्या. तुमच्याइतकं त्यांना कोणी ओळखत नव्हतं." मी म्हटलं, गोड लिहायला मला जमायचं नाही. ते म्हणाले, "जमेल तसं लिहा." तेव्हा जमेल तसं लिहिते आहे. छापायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

तू कधी जन्मलीस, कोणत्या मिशनशाळेत शिकलीस, मागे किती मुलं-नातवंडं सोडलीस, हे सगळं दफनाच्या वेळी वाचून झालं. त्यात मला भर घालायची नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, ते मला पुरं करायचं आहे. तू मध्येच उठून गेलीस. भांडणातून उठून जायची तुझी सवय नव्हती, म्हणून जास्त राग आहे.

आधी तुझं जे देणं माझ्याकडे आहे ते कबूल करते. माझे घरधनी गेले तेव्हा सगळ्या कासारवाडीच्या बाया रडायला आल्या. तू डोक्यावर पीठ घेऊन आलीस. ओसरीत गळे काढून बसलेल्या बायांना म्हणालीस, "रडून झालं असेल तर दोघी जणी भाकरी थापा. पोरं सकाळपासून उपाशी आहेत." त्या दिवशी माझ्या घरात जेवण झालं ते तुझ्यामुळं. माझ्या थोरल्याला विषमज्वर झाला तेव्हा अकरा दिवस तू आपलं घर टाकून माझ्याकडे होतीस. आपण दोघी नगरकडच्या एकाच गावच्या, एकाच वाड्यातल्या. नवऱ्यांच्या नोकऱ्या खडकीला लागल्या म्हणून एकामागोमाग इकडे आलो. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं ते तू केलंस. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. तूही ऐकून घेतलं नसतंस.

आता भांडण.

आपल्या मंडळीत एक शब्द कधी कोणी उच्चारला नाही. दहा आज्ञांतली सातवी आज्ञा ज्याविषयी आहे, तो शब्द. शास्त्रात तो छापलेला आहे, दर वर्षी पोरांकडून आज्ञा पाठ करून घेतो तेव्हा तो पोरांच्या तोंडून सरळ निघतो. पण मोठ्या माणसांच्या तोंडून निघत नाही. मोठी माणसं नुसतं "सातवी" म्हणतात. अमकीची सातवी झाली. तमकीचं सातवीचं प्रकरण पंचांपुढे आहे. ज्या बाईची सातवी झाली तिच्यापुढे प्रभुभोजनाच्या पावाचं ताट थांबायचं नाही, आणि का थांबलं नाही हे तिला कोणी सांगायचं नाही, कारण सांगायचं तर शब्द काढावा लागेल.

एवढ्या वर्षांत पुरुषाची सातवी झाल्याचं मला आठवत नाही. पुरुषाला अडचण यायची. आपल्यातल्या एका गृहस्थानं दापोडीला दुसरं घर मांडलं होतं, ते तुला आणि मला आणि सगळ्या जगाला माहीत होतं. तेव्हा देवळात प्रार्थना झाली ती "आपल्या बंधूच्या घरगुती अडचणीसाठी". मी प्रार्थनेत डोळे उघडून तुझ्याकडे पाहिलं. तूही डोळे उघडून माझ्याकडे पाहत होतीस. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाईची सातवी आणि बाप्याची अडचण होय गं?" तर तू म्हणालीस, "हळू बोल, पाळकसाहेब मागं हायेत."

मग पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना आला. आपल्या पोरी बाटल्या भरायला जाऊ लागल्या. पांढरा पोशाख, डोक्याला पांढरं फडकं, हातात डबा. चिंचवडच्या रानात तंबूचा सिनेमा लागला. पिंपरी कॅम्पात कर्ण्यावरून सकाळपासून गाणी सुरू झाली. आणि तू चालवायचीस त्या बायांच्या गुरुवारच्या सभेला दर आठवड्याला नवा विषय मिळू लागला. एक गुरुवार सिनेमाचा, एक पावडरीचा, एक नायलॉनच्या साडीचा, एक कारखान्याच्या फाटकावर बायामाणसं आणि बाप्ये एकाच रांगेत उभे राहतात त्याचा.

"पावडर लावून जातात कारखान्यात," तू म्हणालीस. "तिथं काय बाटल्या तोंड बघतात व्हय यांचं?"

बाया हसल्या. मी म्हटलं, "बाटल्या बघत नाहीत तर मग बिघडलं कुठं?"

"मार्था, तू मध्ये बोलू नको. जगाचं वारं घरात शिरतंय."

"वाऱ्याला नाव असेल की काही."

तू नाव घेतलं नाहीस. कोपऱ्यातून दमयंतीनं विचारलं होतं, आठवतं का, "बाई, माझी पोरगी परवापासून कामाला जाणार. तिला मी काय सांगू?" तू म्हणालीस, शुद्ध राहा म्हणून सांग. ती म्हणाली, "म्हणजे काय करू नको म्हणून सांगू?" तू म्हणालीस, "ती समजंल."  घरी जाताना दमयंती मला म्हणाली, "मलाच समजलं नाही तर तिला कसं समजंल?"

माझा राग तिथपासूनचा आहे. तू पापाविषयी बोलायचीस म्हणून नाही. पापाविषयी बोलावंच. पण तू तासभर बोलायचीस आणि बोलून काहीच सांगायची नाहीस. नायलॉन, पावडर, गाणी, कर्णा. ज्या गोष्टीनं पोरींचं खरोखर वाटोळं होतं ती गोष्ट तशीच मध्ये पडलेली असायची आणि आपण सगळ्या जणी लुगडी सावरून तिच्या बाजूनं जायचो.

सुशीला जूनमध्ये आली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहिते: ही नगरकडची, एकोणीस वर्षांची. तिचा चुलता कासारवाडीला रेल्वेत गँगमन, बायको वारलेली, रविवारीसुद्धा कामावर. ती त्याचा स्वयंपाक करायची आणि कारखान्यात जायची. तिच्या गावच्या गुरुजींनी, तेच तिथली उपासना चालवतात, आपल्या मंडळीच्या नावानं एक कागद दिला होता. पाळकसाहेबांना सायकलवरून चार गावं करायची असतात, म्हणून बायांचे कागद ते न उघडता तुझ्याकडे द्यायचे. तू तो वाचलास. तू एलियादादांना सांगितलंस. एलियादादा पंच, ताट फिरवणारे. त्यांनी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. पाळकसाहेबांनी मान हलवली. कागद पुन्हा कोणी उघडला नाही.

मला तू विहिरीवर सांगितलंस. "नवी पोरगी आली ना. सातवी झालेली आहे. तिकडून म्हणूनच धाडली."

मी विचारलं, "कशावरून?"

"तिच्या मास्तरानंच लिहिलंय. मोठा भला माणूस, झाकून ठेवलं नाही."

मीही मान हलवली. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

जुलैच्या पहिल्या रविवारी ती माझ्या शेजारी बसली होती. एलियादादा ताट घेऊन बायांच्या रांगेतून आले. पावाचे तुकडे होते. तिनं हात पुढे केला. ताट तिच्या हातावरून माझ्यापुढे आलं. तिचा हात तसाच राहिला, मग तिनं तो मांडीवर ठेवला. मी माझा तुकडा उचलला आणि खाल्ला. मला तो कडू वगैरे लागला नाही. चांगला लागला. ऑगस्टमध्ये मी दुसऱ्या रांगेत बसले, तिच्याजवळ बसायला नको म्हणून.

पाच महिने असे गेले. खडकीहून तिला एक स्थळ आलं होतं. त्यांनी मंडळीत चौकशी केली आणि परत आले नाहीत. तिला का ते कळलं नाही. बाया रस्त्यात भेटल्या की तिला "सलाम" म्हणायच्या, पण थांबायच्या नाहीत.

नाताळच्या आधी माझ्या घरी करंज्या होत्या. सूनबाई बाळंत झालेली, हाताशी कोणी नाही. सुशीला आपणहून आली. म्हणाली, "मावशी, आज मला सुट्टी आहे, मी तळते." मी नको म्हणणार होते, पण सारण वाया गेलं असतं. बसली ती कढईपाशी. हात सफाईचा होता. तासाभरानं मला राहवेना. मला आडून बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "सुशीला, ते सातवीचं काय झालं होतं गं तुझं?"

तिचं तोंड एकदम खुललं. "झाली की मावशी! गेल्या वर्षी."

माझं लाटणं थांबलं. अशी निर्लज्ज पोर मी पाहिली नव्हती.

"कुठं?"

"तालुक्याला. तीन दिवस तिथंच राहिलो होतो."

"राहिलो? म्हणजे कोण कोण?"

"आम्ही सहा पोरी आन् गुरुजी."

"गुरुजी पण?"

"त्यांनीच तर सगळी तयारी करून घेतली आमची. शाळा सुटल्यावर रोज थांबवून घ्यायचे."

मी परमेश्वराचं नाव घेतलं. म्हटलं, "तुझ्या बापाला हे ठाऊक होतं?"

"म्हंजे काय? बाच तर बैलगाडीनं सोडायला आला. निकाल लागला तवा त्यानं गावात गूळ वाटला."

"निकाल," मी म्हटलं.

"पास झाले ना मी! सहा जणींत मी एकटीच. आमच्या गावात सातवी झालेली पहिली पोरगी मीच. म्हणून तर कारखान्यात घेतलं."

करंजी करपली. राहेल, मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. तू पाचवी. आपल्या काळात पोरीला सातवी एकच होती. इयत्ता सातवी असते, तिची परीक्षा असते, ती पोरीही देतात, हे आपल्या डोक्यात कसं येणार? पण आपली नातवंडं शाळेत जातात. डोळ्यांसमोर जातात. पाच महिन्यांत एकदा तरी एकीच्या तरी डोक्यात यायला हवं होतं.

ती करपलेली काढून बाजूला ठेवत म्हणाली, "मावशी, एक विचारू का? मला ताट का देत नाहीत?" मी पुढची करंजी लाटू लागले. तीच पुढे म्हणाली, "मला वाटतं, माझ्या हाताला औषधाचा वास येतो म्हणून. मी शनिवारी राखेनं घासते, साबणानं धुते. तरी येतो का वो?"

मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. मीही शब्द गिळला. पिठाचे हात तसेच पदराला पुसून मी तुझ्याकडे आले.

तू पेटी उघडून कागद काढलास. चष्मा लावलास. मी म्हटलं, मोठ्यानं वाच. तू वाचलंस: "सुशीला हिची सातवी झाली आहे. येथे तिला पुढे काही नाही. तरी आपल्या मंडळीने तिला सांभाळून घ्यावे." पुन्हा एकदा मनात वाचलंस. मग चष्मा काढून म्हणालीस, "पास झाली असं का लिहिलं नाही त्यानं?"

"कशाची सातवी, असं का विचारलं नाहीस तू?"

"असलं कुणी विचारतं का?"

"मग हे घे. न विचारल्याचं फळ."

तू कागदाची घडी घातलीस. मग म्हणालीस, "जानेवारीपासून ताट थांबंल तिच्यापुढं. मी एलियादादांना सांगते, प्रकरण मिटलं म्हणून."

"मिटलं? नव्हतंच की गं काही!"

"तेच ते."

"तेच कसं? मिटलं म्हटलं की होतं असं ठरतं. राहेल, उभी राहा आणि सांग. जिथं बंद केलं तिथंच उघडायला पाहिजे."

त्यावर तू जे म्हणालीस ते मी विसरले नाही, आणि ते सगळंच चूक होतं असंही मला म्हणता येत नाही. तू म्हणालीस, "उभं राहून सांगायचं तर तो शब्द काढावा लागंल. त्या पोरीच्या नावाशेजारी तो शब्द सगळ्यांच्या कानात जाईल. शब्द चिकटतो मार्था. 'केलं नाही' कुणी लक्षात ठेवत नाही, शब्द तेवढा ठेवतात. उद्या तिला नवं स्थळ आलं, तर बाया म्हणतील, तिचं असं काहीतरी निघालं होतं ना?"

मी म्हटलं, "आता काय म्हणतात?"

"आता म्हणत नाहीत. मनात ठेवतात."

"मनातलं जास्त कुजतं."

मग माझी जीभ सुटली. मी म्हटलं, आपल्या आज्यांना लोक वरून पाणी ओतायचे, भांड्याला हात लावू देत नसत. म्हणून आपले आजे ह्या देवळात आले. आणि आता आपणच एका पोरीच्या हातावरून ताट पुढे सरकवलं, आणि ती बिचारी शनिवारी राखेनं हात घासते. तू उठलीस आणि चुलीपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून बसलीस. मी निघून आले. पाच आठवडे आपण बोललो नाही. मी माफी मागायला हवी होती का? बोलले त्याची नाही. बोलले तशी बोलले, त्याची कदाचित.

जानेवारीत ताट तिच्यापुढे थांबलं. तिनं एलियादादांकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले. ताट थांबलेलं, आणि ती घेईना. शेवटी ते पुढे सरकले. बाहेर आल्यावर तुला म्हणाले, "पोरगी गर्विष्ठ दिसते." त्यांना "प्रकरण मिटलं" एवढंच तू सांगितलं होतंस. तिच्या अंगाला एक नवीन गोष्ट लागली.

तेव्हा तुलाही ते टोचलं असणार, कारण फेब्रुवारीत तू एका गुरुवारी उभी राहिलीस. मी पुढेच बसले होते. तू पदर सारखा केलास, खाकरलीस आणि म्हणालीस, "भगिनींनो, आपल्यातल्या एका मुलीच्या... शिक्षणाच्या बाबतीत... माझ्या वाचनात थोडी गफलत झाली. तरी कोणी मनात काही ठेवू नये." आणि गीत सुरू केलंस. सभा सुटल्यावर दमयंती मला विचारते, "कोण नापास झाली वो?"

मी तुझ्याकडे आले आणि ते सांगितलं. तुला राग आला. "मी बोलले ना? आणखी काय करू?"

"बोललीस खरं. पण सांगितलं काही नाहीस. तुझी जुनी खोड आहे ती."

चैत्रात तुझं पोट दुखू लागलं, वैशाखात तुला दवाखान्यात नेलं. गाठ निघाली, ती कापून काढली. मी रोज यायचे, डबा घेऊन. तू खायची नाहीस, मला खायला लावायचीस. एक दिवस दुपारी तू आपणहून विषय काढलास. "बरी झाले की सांगते. नीट सांगते."

मी म्हटलं, "बरी झालीस तरी तोंडातून निघायचा नाही. आत्ता म्हणून दाखव. इथं कोणी नाही."

"इथं?"

"इथं. सराव कर. आज्ञा म्हणताना म्हणायचीस ना पोरपणी? तसा म्हण."

तू डोळे मिटलेस. ओठ हलवलेस. म्हणालीस, "व्य..." आणि थांबलीस. पुन्हा, "व्य..." आणि तुला हसू फुटलं. पोट धरून हसू लागलीस, कळ येत होती तरी हसत होतीस. "मार्था, नको गं, टाके तुटतील!" मलाही आवरेना. दोन म्हाताऱ्या एका शब्दावर अडून खिदळत होत्या. नर्स आली आणि आपल्याला रागावली. "आजी, हसण्यासारखं काय आहे इथं?" तू तिला म्हणालीस, "काही नाही बाई, धर्माचं चाललंय."

ते आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी तुला शुद्ध नव्हती.

सुशीला तुझ्या दफनाला आली होती. कामावरून तशीच आली, सगळ्यांच्या मागे उभी होती. तिनंही माती टाकली. तिला काहीच ठाऊक नव्हतं राहेल. तिला वाटत होतं की तू तिला कधी वाईट बोलली नाहीस, म्हणजे चांगली बाई होतीस. आणि तू होतीसच. यात मला दोन्ही बाजूंनी त्रास आहे.

तुझ्या दफनानंतरच्या बुधवारी मी तिच्या दारात गेले. बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कागद काय होता, तू काय वाचलंस, मी काय मानलं, ताट का सरकलं, खडकीचे लोक का फिरले. तिनं सगळं ऐकलं. ती रडली नाही. म्हणाली, "म्हंजे हाताला वास नव्हता." मी म्हटलं, नव्हता. मग मी विचारलं, "उद्या सभेत उभी राहून सांगू का? राहेल म्हणायची, शब्द चिकटतो. तूच ठरव." तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "सांगा. पण मी तिथं असताना सांगा."

गुरुवारी ती कामाची पाळी बदलून आली. तुझी जागा रिकामी होती, तिथं कोणी बसलं नव्हतं. मी उभी राहिले. म्हटलं, "ही सुशीला सातवीची परीक्षा पास झालेली आहे. शाळेची सातवी. कागदावर एवढंच होतं. राहेलनं ती सातवी आज्ञा समजली, पंचांनी तसंच धरलं, आणि मीही तसंच धरून हिच्या शेजारून उठले. हिनं व्यभिचार केलेला नाही. व्यभिचार. हा शब्द आपण आपल्या तोंडानं बोललो असतो तर पहिल्याच दिवशी कोणीतरी हिला विचारलं असतं आणि पहिल्याच दिवशी हे संपलं असतं."

 एलियादादांची बायको मागून म्हणाली, "लहान पोरी बसल्यात हो बाई." दमयंती तिच्याकडे न वळता म्हणाली, "बसू द्या. त्यांच्यासाठीच चाललंय." आणि तिनं सरकून सुशीलाला आपल्या सतरंजीवर जागा दिली. बाकीच्या खाली बघत होत्या. तुला सांगते, सगळं काही एका दिवसात नीट झालं नाही. निम्म्या बाया तुझ्या म्हणण्याप्रमाणे शब्द तेवढा घेऊन घरी गेल्या असतील. तू बरोबर होतीस का हे अजून वर्षभर कळायचं नाही.

परतताना सुशीला माझ्याबरोबर रेल्वेच्या फाटकापर्यंत आली. फाटक बंद होतं. तिथं उभं असताना ती म्हणाली, "मावशी, तुम्ही सगळ्यांना सांगितलं, मी केलं नाही म्हणून. बरं झालं. पण समजा मी केलं असतं, तर?"

मी म्हटलं, "तर तुला तोंडावर सांगितलं असतं. असं वर्षभर झुलवत ठेवलं नसतं."

"आन् सांगून मग? ताट दिलं असतं का पुढं नेलं असतं?"

मालगाडी गेली, फाटक उघडलं, ती "सलाम मावशी" म्हणून गेली.  

राहेल, ह्या प्रश्नावर आपण खरं भांडायला हवं होतं. साठ वर्षांच्या ओळखीत एकदाही भांडलो नाही. पावडरीवर भांडलो, साडीवर भांडलो, एका कागदावर पाच आठवडे अबोला धरला. आता मी भाकरी थापताना दोन्ही बाजूंनी एकटीच बोलते. माझ्या बाजूनं म्हणते, भुकेल्या माणसापुढून ताट नेऊ नये, मग त्यानं काही का केलेलं असेना. मग तुझ्या बाजूनं म्हणायला जाते, की असं केलं तर आज्ञेला अर्थ काय राहिला, पोरींना काय सांगायचं, आणि इथं मी अडते. तुझ्याजवळ याच्यापुढे काहीतरी होतं. तू ते चांगलं, ठासून, माझं तोंड बंद होईल असं म्हणाली असतीस. मला तुझी बाजू नीट मांडता येत नाही.